ए-साडेतीन

सुतळी दातानं तोडायची, ही जुनी खोड.
ओळंब्याची सुतळी, ब्रशाला गुंडाळलेली, डब्याच्या कानाची.
तेहेतीस वर्षं एकच चाकू,
कधी धार लावावी लागली नाही.

म्हार्दोळला एका घरात, परांचीवर उभा असताना
कट्‌ झालं
आणि पुढच्या दाताचा कोपरा
खाली ऑफ-व्हाइटच्या बादलीत.
ढवळून पाहिलं. काठीला काही लागलं नाही.
दुपारी तोच रंग हॉलला मारला.
भिंत आहे अजून. त्या भिंतीत
मी थोडासा आहे.

दोन वर्षं तसाच काढली.
मग फोंड्याला, वरच्या बाजारात,
झेरॉक्सच्या दुकानावरचा जिना.
डॉक्टर झुलेमा कुलासो. वय माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीएवढं.
तिनं एक पट्टी काढली,
पट्टीवर सोळा दात ओळीनं,
कुणाचेच नसलेले.
एकेक माझ्या ओठाशी धरून बघू लागली.
हे मला ओळखीचं होतं.
अशीच कार्डं मी गिऱ्हाइकांच्या भिंतींना लावतो
आणि बायका म्हणतात, याहून थोडा फिका नाही का?

म्हटलं, डॉक्टर, ही ट्यूब बंद करा.
ट्यूबखाली रंग खोटं बोलतो.
ती हसली. मला उठवून खिडकीशी नेलं.
खाली कदंबा रिव्हर्स घेत होती.
"बेगीन पळोवंक जाय," ती म्हणाली,
"दांत सुकलो की धवो दिसता."
म्हटलं, डिस्टेंपरचंही तसंच.

ए-तीन, ती म्हणाली.
मी आरशात पाहिलं. नाही.
मुळाशी मातकट आहे, चहाचा, विडीचा,
विहिरीच्या पाण्याचा असेल काही.
टोकाला मात्र रंगच नाही,
पाणी जास्त झालेला चुना जसा.
एका डब्यात व्हायचं नाही हे.
ती थांबली. मग दोन नळ्या काढल्या,
ए-साडेतीन, आणि वर एक पारदर्शक.

आधी अ‍ॅसिड, खरखरीत करायला.
गुळगुळीतावर काही धरत नाही.
मग थर. मग निळा उजेड, वीस सेकंद.
माझा एक हात सुकायला चार तास,
पावसाळ्यात दीड दिवस,
आणि इथं वीस सेकंद!
तोंड उघडं होतं म्हणून बोललो नाही.
शेवटी पॉलिश पेपर. बारीक नंबरचा. आवाज तोच.

"दोन दीस हळद ना, सोलकडी ना."
हळदीशिवाय हुमण कसं करतात
ते घरी कुणालाच माहीत नव्हतं.
गुलाबनं दोन दिवस दूधभात वाढला
आणि समोर बसून स्वतः बांगडा खाल्ला.

मी लोकांना सांगत आलो, पॅच मारू नका.
पॅच दिसतोच. सकाळी लपेल,
संध्याकाळी तिरका उजेड आला की
भिंत सगळं सांगते.
म्हणून दुर्भाटच्या फेरीवर, साडेसहाला,
स्कूटरचा आरसा वळवून तोंड पसरून उभा राहिलो.
डावीकडून पाहिलं. उजवीकडून पाहिलं.
शेजारी एक माणूस पावांची पिशवी घेऊन
माझ्याकडे बघत होता, बघू दे.
जोड सापडला नाही.
आपल्याच धंद्यात कुणी आपल्याला हरवावं
तसं वाटलं. बरंही वाटलं.

सोमवारी कामावर गेलो. परांचीवरून
खाली शाणूला शीळ घातली, रोजची, बादली वर दे म्हणून.
नुसती हवा गेली.
पुन्हा घातली. हवा.
तो खाली मोबाइल बघत बसलेला.
शीळ त्या भगदाडातून येत होती
हे दोन वर्षं मला कळलं नव्हतं.

"शाणू!"
तो दचकला. वर पाहिलं.
"इतकं ओरडतोस कशाला?"

बादली वर आली. सुतळी सोडायची होती.
तोंडापर्यंत नेली
आणि मग खिशात चाकू शोधू लागलो.